सूर्योदयाच्या पुढे धावणारा रिडिक

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी माणसे पहाटे चारलाच जंगलाची वाट धरतात आणि ऊन चढायच्या आत भारा घेऊन परततात, कारण पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर उघड्यावर राहणे जिवावर बेतते. म्हणूनच ‘द क्रॉनिकल्स ऑफ रिडिक’ या २००४ च्या चित्रपटातला क्रिमेटोरिया हा ग्रह मला कल्पनेतला वाटलाच नाही. तिथे दिवसा तापमान ७०० अंश फॅरनहाइटवर जाते, रात्री उणे ३०० च्या आसपास उतरते आणि माणसाला जगता येते ते या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यात. जमिनीखालच्या तुरुंगातून निसटलेले कैदी उगवत्या सूर्याच्या पुढे धावत असतात, आणि मागे राहिलेल्या कायरा या सोबतच्या कैदी तरुणीला आणण्यासाठी रिडिक अंगावर पाणी ओतून घेऊन दोराच्या आधाराने थेट उन्हात झेपावतो. ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून बांधावर गेलेल्या कुणालाही त्या पाण्याची वाफ होताना पाहून काळजात चर्र झाल्यावाचून राहणार नाही.

२००० सालच्या ‘पिच ब्लॅक’चा हा पुढचा भाग असून दोन्हींचे दिग्दर्शक डेव्हिड टूही आहेत. पहिल्या चित्रपटात एक ग्रह, एक ग्रहण आणि अंधारात शिकार करणारे प्राणी एवढाच पसारा होता. खून करून फरार झालेला, अंधारात पाहू शकणारा रिडिक आपल्याला वाचवील की सोडून जाईल, हे त्याच्या सोबत्यांना अखेरपर्यंत ठाऊक नव्हते, आणि सगळा ताण त्या अनिश्चिततेत होता. इथे मात्र टूहींनी जगे जिंकत आणि जिंकलेल्यांना ‘धर्मांतर करा किंवा मरा’ असे बजावत निघालेली नेक्रोमाँगर सेना, हेलियन प्राइमवरचा हल्ला, दरबारी कारस्थाने आणि भाकीत असा मोठा डाव मांडला आहे. त्या सेनेची प्रचंड जहाजे आणि मुखवट्यांच्या आकाराची शिल्पे डोळ्यांत साठवावीत अशी आहेत. कार्ल अर्बन आणि थँडी न्यूटन यांनी रंगवलेले सत्तेसाठी हपापलेले जोडपे तर स्वतंत्र चित्रपटाच्या योग्यतेचे आहे.

माझी खरी तक्रार भाकिताबद्दल आहे. रिडिक हा नष्ट झालेल्या फ्युरियन वंशातला, अत्याचारी सत्ताधीशाचा अंत ज्याच्या हातून व्हायचा आहे तो पुरुष, असे ठरले की त्याच्या प्रत्येक निर्णयातली धग कमी होते. अँटीहीरो, म्हणजे सद्गुणांचा पुतळा नसलेला नायक, आपल्याला आवडतो तो त्याने चांगले वागण्याचे कुणाला वचन दिलेले नसते म्हणून. नियतीनेच त्याची निवड केली, तर त्याच्यात आणि पुराणातल्या वीरात फरक कोणता उरला? रिडिक साकारणारे विन डीझेल मात्र हा फरक अंगबोलीने टिकवून धरतात. तुरुंगात समोरच्याला आधी सांगून, साध्या पत्र्याच्या पेल्याने ते त्याचा जीव घेतात, तेव्हा आवाज जराही चढत नाही, आणि जुना, भरवसा न ठेवण्याजोगा रिडिक परत भेटतो. जुडी डेंच यांच्या वाट्याला मात्र बहुतांशी माहिती सांगण्याचेच काम आले आहे, याचे वाईट वाटते.

शक्य असल्यास ११९ मिनिटांची चित्रपटगृहातली आवृत्ती टाळून १३४ मिनिटांची दिग्दर्शकाची आवृत्ती पाहावी. तिच्यात फ्युरियन वंशाचा धागा नीट उलगडतो, त्यामुळे जे भाकीत मला खटकते तेही निदान उपरे वाटत नाही. २०१३ च्या तिसऱ्या भागात टूही पुन्हा लहान पटाकडे वळले, आणि तो भाग नेटका असला तरी मला हाच अधिक प्रिय आहे. याचे मोठे कारण शेवटचे दृश्य आहे: ‘जे माराल ते तुमचे’ हा नेक्रोमाँगरांचा नियम असल्याने त्यांच्या सत्ताधीशाला मारणारा रिडिक कायराला गमावून थकून सिंहासनावर टेकतो, आणि समोर सगळी सेना गुडघे टेकते.