तास बघितले नाहीत

जुनी पिकअप घेताना मी फसलो. एकूण किती गेले तो आकडा आधी सांगून टाकतो, कारण जो भेटतो तो तेच पहिलं विचारतो. ३१,९८८ डॉलर. त्यात २३,५०० ची जुनी पिकअप, १,२०० टॅक्स, ६,२४० ट्रान्समिशन म्हणजे गिअरबॉक्सचे, ६८५ गाडी उचलून नेणाऱ्याचे, ३१८ मोटेलच्या दोन रात्रींचे. राहिलेले ४५ डॉलर गाडीच्या इतिहासाच्या रिपोर्टचे. तो गाडी घेण्याआधी काढायला हवा होता, मी नंतर काढला.

गावाकडे पिकअप म्हटलं की मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट नेणारी गाडी डोळ्यासमोर येते. इथे टेक्सासात ऑफिसच्या पार्किंगमध्ये दर तिसरी गाडी पिकअप असते आणि निम्म्यांच्या हौद्यात पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याशिवाय कधी काही पडत नाही. मला मात्र खरंच गरज होती. आम्ही गेल्या उन्हाळ्यात सत्तावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेतला, आणि तो काही मिनीव्हॅनने ओढला जाणार नव्हता.

जाहिरात अशी होती: फोर्डची २०१८ ची एफ-१५० पिकअप, साडेतीन लिटरचं टर्बो इंजिन, चार दारं, फोर बाय फोर, ६८,४१२ मैल. वडिलांची गाडी, वडील वारले, दोन वर्षं गॅरेजात उभी, कधी काही ओढलेलं नाही. बाजारभावापेक्षा दीड-दोन हजारांनी स्वस्त. ‘एवढं स्वस्त कसं वाटलं तुला?’ असं मला पाच जणांनी विचारून झालंय. निम्म्या किमतीत असती तर मलाही संशय आला असता. दीड-दोन हजार कमी म्हणजे घासाघीस करायचा कंटाळा असलेला माणूस, असंच कुणालाही वाटेल.

भेटायचं ठरलं एका मोठ्या हार्डवेअर दुकानाच्या पार्किंगमध्ये. मी म्हटलं, घरी येतो. तर म्हणाला, ‘सर, आईला ही गाडी जाताना बघवणार नाही.’ आता यावर काय बोलणार? घरी येऊ न देणारा विकणारा दिसला की तिथूनच मागे फिरा. त्याची आई, बायको, कुत्रा, काहीही कारण असो.

गाडी धुऊन पुसून चकाचक. चाळीस-पंचेचाळिशीचा माणूस, बोलायला गोड, त्याच्या स्वतःच्या गाडीत लहान मुलाची सीट बसवलेली. मी खाली वाकून गंज बघितला, तेल बघितलं, टायर बघितले. ट्रेलर अडकवायच्या चौकोनी नळीत बोटसुद्धा घातलं. आतला रंग घासून लोखंड आरशासारखं झालं होतं. जिने कधी काही ओढलं नाही त्या गाडीचं लोखंड आतून घासतं कसं? त्याच्याकडे उत्तर तयार होतं: ‘बाबा सायकलींचा रॅक लावायचे.’ बरं.

आणि आता तो क्षण, ज्यासाठी मला रात्री दोन वाजता जाग येते.

मी ड्रायव्हरच्या सीटवर, तो बाजूला. टायरमधली हवा दाखवायला त्याने हात लांब करून स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. स्क्रीनवर चार टायरांचे आकडे आले. पुन्हा दाबलं तर पुढचं पान आलं: इंजिन अवर्स, म्हणजे इंजिन आजवर चाललेले तास, ५,९१४. त्याचा अंगठा लगेच पुढच्या पानावर गेला. दोन सेकंदं असतील. मी आकडा वाचला. मला तो पाठ झाला, आजही पाठ आहे. पण मी भागाकार केला नाही.

६८,४१२ भागिले ५,९१४. साडेअकरा. म्हणजे ही गाडी आयुष्यभर सरासरी ताशी साडेअकरा मैलांनी, साडेअठरा किलोमीटरनी चालली. दोन ट्रॉल्या लावून कारखान्यावर ऊस नेणारा ट्रॅक्टर त्या वेगाने जातो! सर्वसाधारण वापरातल्या पिकअपला तासाला तीसेक मैल पडतात. म्हणजे मैलांचा आकडा मागे फिरवलेला असणार. मी पंपांच्या कंपनीत काम करतो. दिवसभर दुसऱ्याच्या आकड्यांत चुका काढायचा मला पगार मिळतो.

त्याहून वाईट म्हणजे मी ट्रॅक्टरवाल्या घरातला. आबांनी आमच्या लहानपणी तीन जुने ट्रॅक्टर घेतले, तिन्ही वेळा मला बरोबर नेलं. बाजारात पहिला प्रश्न ठरलेला: तास किती झालेत? रंग नंतर, टायर नंतर, कागद नंतर. फोनवर सगळं सांगून झाल्यावर आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तास बघितलंस का न्हाई?’ बघितले होते हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कागदांचंही ऐका. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद, मार्च २०२० चं होतं आणि त्यावर तेव्हाचं रीडिंग छापलेलं, ५४,८७०. पहिल्या दोन वर्षांत पंचावन्न हजार मैल आणि पुढच्या साडेपाच वर्षांत साडेतेरा हजार. ‘बाबा आजारी होते.’ टायटलवरचं आडनाव वेगळं. ‘सावत्र वडील.’ मागच्या बाजूला विकणाऱ्याची सही आधीच केलेली, घेणाऱ्याचं नाव कोरं. वारलेल्या माणसाने सही कधी केली, हे मी विचारलं नाही. लायसन्स दाखवा म्हणायला लाज वाटली, कारण गृहस्थ नुकताच वडिलांबद्दल बोलत होता. अशा कोऱ्या टायटलवर गाड्या फिरवणारे धंदेवाईक असतात. इथे वर्षाला चारपेक्षा जास्त गाड्या विकायच्या तर डीलरचं लायसन्स लागतं. ते चुकवायला हे लोक स्वतःचं नाव कागदावर येऊच देत नाहीत. कागदावरचं नाव आणि समोरच्याचं लायसन्स जुळत नसेल तर गाडी सोन्याची असली तरी नको.

इतिहासाचा रिपोर्ट त्यानेच छापून आणला होता, चार पानी, रंगीत. अर्थातच खोटा. विकणाऱ्याने दिलेला रिपोर्ट म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः भरून आणलेलं प्रगतिपुस्तक.

पुढचं लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. टायटल बदलायच्या फॉर्मवर किंमत त्याने आधीच भरून ठेवली होती: १२,०००. ‘सर, तुमचा टॅक्स वाचेल.’ इथे गाडीवर सव्वासहा टक्के टॅक्स लागतो, २३,५०० वर १,४६८ डॉलर ७५ सेंट झाला असता. मी सही केली. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, खिडकीवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं की, खासगी विक्रीत सरकारने धरलेल्या किमतीच्या किमान ऐंशी टक्क्यांवर टॅक्स द्यावाच लागतो. भरले १,२००. म्हणजे माझे २६८ डॉलर ७५ सेंट वाचले. त्या २६८ डॉलरांपायी माझ्या हातातला एकमेव सरकारी कागद आज म्हणतो की गाडी बारा हजारांना घेतली. बाकीचे पैसे रोख दिले, बँकेच्या पाकिटातून, हॉर्नवर ठेवून मोजून. माझी चूक आहे. पण तो आकडा मी लिहिला नव्हता.

पहिला महिनाभर गाडी ठीक चालली. विकणारा म्हणाला होता हायवेला गॅलनला बावीस मैल मिळतात. मला साडेसोळा मिळत होते, म्हणजे लिटरला सात किलोमीटर. मी दोष दिला एसीला, ट्रॅफिकला, स्वतःच्या पायाला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ट्रेलर लावून डेव्हिस माउंटन्सकडे निघालो. ट्रेलर लावल्यावर ॲव्हरेज निम्म्यावर येतं हे ठाऊक होतं. आलं ८.१ वर, लिटरला साडेतीन किलोमीटरही नाही. टाकी ३६ गॅलनची, तरी अडीचशे मैलांत पंप शोधायची वेळ. आय-१० हायवेवर कर्व्हिल गावाच्या पुढे वेगमर्यादा ८० ची आहे. मी ६२ ने उजव्या लेनमधून चाललो होतो आणि चढावर गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अडकून ओरडत होती. ट्रान्समिशनच्या तापमानाचा काटा पिवळ्यात गेला, मग लाल. जळक्या तेलाचा वास मुलीला आधी आला. मागे दोन मुलं, तीन टनांचा ट्रेलर, बाजूने सुसाट कंटेनर.

जवळच्या गावातल्या मेकॅनिकने स्कॅनर लावायच्या आधी तेच बटण दाबलं. तेच पान. पेन्सिलने पावतीच्या मागे भागाकार केला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मग स्कॅनर लावला. डॅशबोर्डवर ६९,९४०. ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरमध्ये १,८७,३०६. मुख्य आकडा फिरवणाऱ्याला बाकीचे कोपरे पुसायचं सुचलं नव्हतं, किंवा तेवढी गरज वाटली नव्हती. १,१७,३६६ मैल गायब. पृथ्वीला जवळजवळ पावणेपाच फेऱ्या. हौद्यातली रबराची चटई उचलली तर खाली हातभर लोखंडी पट्टी वेल्ड केलेली: जड ट्रेलरच्या हुकासाठी पाडलेलं भोक बुजवलं होतं. चटई उचला. पाच सेकंदांचं काम आहे.

आता मदत करणाऱ्यांबद्दल. पोलिसांकडे गेलो. ड्यूटीवरचा ऑफिसर कागद बघून म्हणाला, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, ओडोमीटर, म्हणजे मैलांचा आकडा, फिरवणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. तो म्हणाला, मग केंद्राकडे जा. शिवाय व्यवहार झाला ते पार्किंग दुसऱ्या काउंटीत. त्या काउंटीत गेलो तर, तुम्ही राहता तिथे तक्रार करा. परत आलो तर दुसरा ऑफिसर. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने फॉर्मवरच्या १२,००० वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

राज्याच्या खात्याकडे ऑनलाइन तक्रार केली. सात आठवड्यांनी पत्र आलं: विनापरवाना डीलर असल्याचं सिद्ध करायला त्याने विकलेल्या इतर गाड्यांची माहिती असल्यास पाठवावी. म्हणजे तपास मी करायचा! केंद्राकडे ओडोमीटर फसवणुकीसाठी वेगळं पथक आहे. त्यांच्याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे देशात दर वर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या रीडिंगवर विकल्या जातात. माझी त्यातली एक. तक्रार पोचल्याचा ईमेल आला, त्यावर उत्तर देऊ नये असं खाली लिहिलं होतं. लहान दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा वीस हजार, माझं नुकसान त्याच्या वर. वकिलाने समजावलं की केंद्रीय कायद्यात झालेल्या नुकसानीच्या तिप्पट किंवा १० हजार डॉलर, यातलं जे जास्त ते मिळू शकतं, मुदत दोन वर्षं. मी खुर्चीत सरसावून बसलो. मग त्याने विचारलं, ‘नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवू?’ ‘सावत्र वडील’ मात्र सापडले. टायटलवरचा माणूस जिवंत आहे, त्याने गाडी एका लिलावात दिली होती, पुढचं त्याला माहीत नाही.

आणि २०२५ च्या १ जानेवारीपासून इथे खासगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणीही बंद झाली आहे. पूर्वी निदान वर्षातून एकदा कुणीतरी मेकॅनिक गाडीखाली डोकावायचा. आता १५०-२०० डॉलर देऊन तुमचा मेकॅनिक न्या. विकणारा ‘वेळ नाही’ म्हणाला तर घरी या.

आणखी एक, जे मैल खरे असते तरी मला नडलंच असतं. ‘ही १३ हजार पाउंड ओढते’ असं विकणारा म्हणाला होता. जाहिरातीतला तो आकडा एका ठरावीक बनावटीच्या गाडीचा असतो. आपली गाडी अंगावर किती वजन घेऊ शकते तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर असतो. माझ्या स्टिकरवर होतं: माणसं आणि सामान मिळून १,४६२ पाउंड. ट्रेलरच्या तोंडाचं गाडीवर पडणारं वजन ८६०, आम्ही चौघं ५४०, ट्रेलर अडकवायची हिच ९०, सायकली-जनरेटर १५०. करा बेरीज. १७८ ने जास्त. हाही हिशेब मी मोटेलच्या पलंगावर बसून केला.

ट्रेलर ड्राइव्हवेत उभा आहे, शेजारी पिकअप. विकायची तर खरं रीडिंग लिहूनच विकणार. डीलर ९,५०० देतो म्हणतो. बायको काही म्हणत नाही, फक्त पाहुणे आले की ट्रेलरचे पडदे ओढून घेते.

गेल्या आठवड्यात तशीच जाहिरात दिसली. दुसरी पिकअप, ७१,००० मैल, ‘वडिलांची गाडी’. फोटोत मागे तोच दिव्याचा खांब, त्याला तीच वाकडी झालेली ट्रॉली ठेवायची पाटी. मी बायकोच्या खात्यावरून एकच प्रश्न टाकला: इंजिनचे तास किती झालेत? दहा मिनिटांत ब्लॉक. ऑफिसरला फोन केला, व्हॉइसमेलवर गेला. जाहिरात अजून आहे. काल किंमत पाचशेनी उतरवली.