सूर्यफूल की शेवंती: पानांची मांडणी पाहायला कोणती कुंडी लावावी?

नाशकात गंगापूर रोडच्या गच्चीवर मी दोन्ही लावली आहेत. पानांची मांडणीच बघायची असेल, तर माझं मत सूर्यफुलाला.

सूर्यफुलाची खालची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. एक जोडी पूर्व-पश्चिम, तर पुढची दक्षिण-उत्तर. झाड वाढतं तसा शेंडा रुंदावतो, नव्या पानाच्या अंकुराला बसायची जागा बदलते आणि जोडी मोडते. मग एकेक पान चढत्या वळणानं येतं. फूल धरलं की हेच वळण दाट होतं. भरलेल्या बोंडात बियांच्या वळणदार रांगा मोजा: बहुधा एकीकडे ३४, दुसरीकडे ५५ भरतात. आमच्या घरी हे मोजण्यात अख्खी संध्याकाळ जाते! फुलायला दिवसाच्या लांबीचा मात्र बहुतेक वाणांना फारसा अडसर नसतो.

शेवंतीची पानं पहिल्यापासून एकाआड एक. मांडणीत नाट्य कमी, पण दिवसाचा हिशेब हिच्याइतका स्पष्ट क्वचितच दिसतो. नाशकात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरमध्ये अकराच्या. रात्र लांबली की पानं शेंड्याकडे फुलण्याचा निरोप धाडतात, शेंडा पानं थांबवून कळी धरतो. कळीखालची पानं लहान होत जातात. कुंडीवर रात्रभर रस्त्यावरचा दिवा पडत असेल, तर ती पानंच काढत राहते. म्हणून ती अंधाऱ्या कोपऱ्याकडे सरकवा, दिवसा ऊन मिळेल एवढं बघून.