सोलो एकाचा, आवर्तन तिघांचे: ‘व्हील्स ऑफ फायर’ची दुहेरी तबकडी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका मित्राच्या माडीवर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण रेकॉर्ड ऐकायला जमतो आणि रॉकमधला सर्वश्रेष्ठ गिटार सोलो (गिटारचे एकल वादन) कोणता, हा वाद तिथे कित्येक वर्षे चालू आहे. त्या वादापायीच मी क्रीम या तिघांच्या ब्रिटिश रॉक बँडच्या १९६८ सालच्या ‘व्हील्स ऑफ फायर’ या दुहेरी अल्बमची नवी प्रत मागवली. दुकानदाराने ती पातळ खोक्यात घालून पाठवल्यामुळे मार्टिन शार्पने रंगवलेल्या सुंदर कव्हराचा कोपरा दुमडला, याचे वाईट वाटते. तबकड्या मात्र स्वच्छ वाजतात.

पहिली तबकडी स्टुडिओतली आहे. तिच्यात निर्माता फेलिक्स पापालार्डी याचीही वाद्ये मिसळल्यामुळे पॉवर ट्रिओचा, म्हणजे गिटार, बास आणि ड्रम्स एवढ्याच त्रिकुटाचा, खरा कस तिथे लागत नाही. तो लागतो दुसऱ्या, मैफलीतल्या तबकडीवर. तिच्यावर सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर सभागृहाचे नाव असले तरी ‘टोड’ ही रचना वगळता सारे ध्वनिमुद्रण त्याच शहरातल्या विंटरलँड सभागृहातले आहे.

या तबकडीवरचे ‘क्रॉसरोड्स’ हे गाणे जेमतेम सव्वाचार मिनिटांचे आहे. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ साली एकट्याने गायलेले हे ब्लूज इथे तिघांच्या हाती येते. गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा पहिला सोलो काहीसा सबुरीने चालतो, दुसरा थेट वरच्या पट्टीतून सुटतो. परंतु त्याच्या पाठीशी दुसरी गिटार नाही, हे विसरता कामा नये. आपल्या बैठकीत तबलजी ठेका धरून बसतो म्हणून गवय्याला मोकळे फिरता येते. इथे जॅक ब्रूसचा बास आणि जिंजर बेकरचे ड्रम्स ठेका देता देताच क्लॅप्टनशी हुज्जत घालतात, आणि तरीही ब्लूजचे बारा बारचे (बारा मापांचे) आवर्तन मोडत नाही. या वादनात आपण भलत्याच मात्रेला सम धरली, अशी नाराजी क्लॅप्टनने स्वतःच पुढे व्यक्त केली होती. देवल क्लबसारख्या जुन्या संगीतसंस्थेच्या गावात वाढलेल्या माझ्या कानाला ती ओढाताणच या सोलोचा प्राण वाटते.

आमच्यातले एक ज्येष्ठ काका पिंक फ्लॉइड बँडच्या ‘कम्फर्टेबली नंब’मधल्या डेव्हिड गिलमोरच्या सोलोला पहिला मान देतात. सुरांच्या गोडव्यात तो सरस आहे, हे मी मान्य करतो. तथापि तो अनेक टेकमधले (पुन्हा पुन्हा केलेल्या ध्वनिमुद्रणांतले) उत्तम तुकडे निवडून सिद्ध झालेला आहे, आणि जे एकाच दमात, परतीची वाट नसताना घडते त्याला माझ्या मते वेगळे माप लावले पाहिजे.

पंधरा मिनिटांहून लांबलेल्या ‘स्पूनफुल’मध्ये तिघे अधूनमधून भरकटतात. ‘टोड’मधील बेकरचा प्रदीर्घ ड्रम सोलो एकदा ऐकून पुरतो.

घेणाऱ्याने आधी तिसरी बाजू, म्हणजे दुसऱ्या तबकडीची पहिली बाजू, लावावी, आणि ‘क्रॉसरोड्स’ दुसऱ्यांदा ऐकताना गिटार सोडून केवळ ब्रूसच्या बासमागे कान लावावेत.