जखमेची ट्यूब: जून ते नोव्हेंबर वापरल्यावर

दोन अँटिबायोटिक ट्यूब आलटून पालटून वापरल्या: फ्रॅमिसेटिन १ टक्का क्रीम, आणि निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी व बॅसिट्रॅसिन असं तिहेरी मलम. काम किरकोळच. विळीवर कापलेलं बोट, ओली चप्पल लागून सोललेली टाच, लोकलच्या दारात खरचटलेलं कोपर. दोन्ही ठीक आहेत, पण जखम न चिघळण्याचं बरंचसं श्रेय नळाच्या पाण्याला.

आधी हात धुवायचे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड १० मिनिटं न उचलता दाबायचं; सारखं उचलून पाहिलं की धरलेली गुठळी सुटते. मग वाहत्या नळाखाली पाचेक मिनिटं जखम धुवायची, साबण फक्त भोवतीच्या कातडीला. डेटॉल पाणी न घालता ओतू नये. जखमेतली चांगली कातडीही भाजते. टिपून कोरडं केलं की पातळ थर, दिवसातून एक ते तीन वेळा. कापलेल्या बोटाला मुगाच्या दाण्याएवढं बास. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवायचं नाही.

मलम तेलकट, त्यामुळे ऑगस्टच्या घामात चिकटपट्टी तासाभरात सुटते. कडेची कातडी पुसून कोरडी ठेवली तर टिकते. पट्टीखाली कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली तर थोडा वेळ उघडी ठेवावी. पावडर मात्र नकोच: रक्तात मिसळून वर कडक थर धरते आणि खाली पू झाला तरी कळत नाही.

सगळ्यात जास्त फसगत अ‍ॅलर्जीची. चार-पाच दिवसांनी जखमेभोवती लाली, बारीक पुटकुळ्या आणि खाज आली की लोक 'पिकलं' म्हणून आणखी मलम लावतात. खाज जास्त असेल तर संशय मलमावर घ्यावा. ठणका, ऊब, पू, वर चढणारी लाली किंवा ताप असेल तर संसर्ग, म्हणजे डॉक्टर. अ‍ॅलर्जी बहुधा निओमायसिनची असते. तेव्हा फ्रॅमिसेटिनकडे वळून उपयोग नाही, कारण फ्रॅमिसेटिन म्हणजे निओमायसिन बीच. नीट धुतलेल्या साध्या ओरखड्याला पेट्रोलियम जेली पुरते, आणि खरं तर तेच आधी करून पाहावं.

मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर परत करा. ती स्टेरॉइडं, जखम भरणं लांबवतात.

साचलेल्या पाण्यातून चालल्यावर भेगाळलेल्या टाचेला मलम चोपडून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा जंतूंचा ताप) टळत नाही. जंतू आधीच रक्तात गेलेले असू शकतात. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी लागते का ते विचारावं. कुत्रा किंवा मांजर चावलं तर १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवून थेट रुग्णालय. खिळा खोल गेला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला ५ वर्षं होऊन गेली असतील, तरीही डॉक्टरच.

सात दिवसांच्या वर स्वतःहून लावत बसू नये.

तक्रार एकच. वापरायची मुदत ट्यूबच्या मागच्या दुमडीवर ठशात असते, आणि शेवटचं मलम काढायला आपण तीच गुंडाळतो. विकत आणल्या दिवशी मार्करने तारीख मधोमध लिहून ठेवावी.