उफाहून आलेलं कोरोत: एका वाळवणवालीचा अभिप्राय

धाकट्या जावेचा मुलगा रशियात उफाला डॉक्टरकी शिकतो. उफा ही रशियातल्या बाश्कोर्तोस्तान या प्रजासत्ताकाची राजधानी, दक्षिण उरल डोंगराच्या पश्चिम अंगाला. या सुट्टीत येताना त्यानं सगळ्यांसाठी चाक-चाक ही तिथली मिठाई आणली आणि माझ्या हातात एक वेगळं पाकीट ठेवलं. "मोठ्याई, हे तुझ्या कामाचं," म्हणाला. आत लिंबाएवढे मळकट पांढरे १७ गोळे. यालाच कोरोत म्हणतात, आंबट दह्याच्या चक्क्याचे खारवून वाळवलेले गोळे.

उदगीरला २२ वर्षं मी सांडगे, कुरडया, ताकातल्या मिरच्या करून विकते. त्यामुळं खायच्या आधी एक गोळा खलबत्त्यात घालून फोडला. आतबाहेर एकसारखा कोरडा, मधोमध कुठं ओल नाही. हे साधायला काय लागतं ते मला विचारा! वास धुराचा, चुलीवर टांगलेल्या शिंक्याला येतो तसा. जिभेवर आधी मीठ लागतं, मग आंबटपणा चढतो आणि बराच वेळ रेंगाळतो.

आमच्या घरी दोघांनी तो गोळीसारखा चघळायला घेतला आणि लगेच तोंडातून काढला. असं करू नका. बाश्कीर, म्हणजे बाश्कोर्तोस्तानचे मूळ लोक, तो रश्श्यात विरघळवतात. बिशबर्माक हे त्यांचं मानाचं जेवण: घोड्याचं किंवा मेंढीचं उकडलेलं मांस, कणकेचे रुंद चपटे तुकडे आणि सोबत वाडग्यात गरम रस्सा. नावाचा अर्थ पाच बोटं, कारण पूर्वी हातानंच खायचे. पोरगा मित्राच्या गावी गेला होता, तिथल्या आजीनं रस्सा वाढला आणि त्यात स्वतःच्या हातानं कोरोत कुस्करलं. घरचं कोरोत वाढलं म्हणजे पाहुण्याला आपलं मानलं, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटतं.

आमच्याकडं मांस चालत नाही. मी दोन गोळे रात्रभर कोमट पाण्यात भिजवले, सकाळी रवीनं घुसळले आणि गरम ज्वारीच्या कण्यांवर ओतले. वर लसणाची फोडणी. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, दात नाहीत. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. ताकापेक्षा दाट, धुराच्या वासाचं, आणि मीठ वेगळं घालावंच लागत नाही.

मूळ कृती सोपी आहे. आंबट दही बराच वेळ उकळायचं, फाटून पाणी सुटलं की फडक्यात टांगायचं, चक्का झाला की मीठ घालून गोळे वळायचे आणि उन्हात किंवा धुरावर वाळवायचे. बाश्कीर पूर्वी उन्हाळ्यात जनावरं घेऊन कुरणांवर जायचे. तेव्हा दूध भरपूर, पुढं लांबलचक बर्फाचा हिवाळा. ते दूध हिवाळ्यापर्यंत पोचवायची ही युक्ती. आपल्याकडं लोणी काढलं की उरलेलं ताक कितीदा गोठ्यात ओततो, ते आठवून मला वाईट वाटलं.

म्हणून एप्रिलमध्ये करून बघितलं. देवणी गायीच्या दुधाचं ६ लिटर दही, त्याचा सव्वा किलो चक्का निघाला. गोळे माळवदावर कडक उन्हात घातले आणि तिथंच फसलं. वरची साल दगडासारखी झाली, आत ओल तशीच अडकली, तिसऱ्या दिवशी तडे जाऊन वास सुटला. सगळे फेकले. दुसऱ्या वेळी गोळे सुपारीएवढेच वळले, दोन दिवस पडवीत सावलीला ठेवले, नंतर फक्त सकाळी दहापर्यंतचं ऊन दिलं. नऊ दिवसांत खणखणीत वाळले. धूर मात्र जमला नाही. गॅसवर तो कुठून येणार?

तक्रार एकच, पण मोठी. १७ पैकी तीन गोळ्यांना हिरवी बुरशी होती. माल चांगला वाळवलेला, पण वरून हवाबंद प्लास्टिक. खारं वाळवण असं कोंडलं की घाम धरतं. कापडी पिशवी हवी होती. पोरानं शहरातल्या दुकानातून घेतलं होतं, पाकिटावरची तारीखही पुसट.

चाक-चाक म्हणजे अंड्याच्या कणकेचे तळलेले बारीक तुकडे मधाच्या पाकात बांधलेले. प्रवासात ते मऊ पडलं, तरी पोरांनी दोन दिवसांत संपवलं. मधाची बाटलीही होती, लिंडेन नावाच्या झाडाच्या फुलांचा मध, थिजून पांढरा झालेला. त्यांच्या बुर्झ्यान भागात उंच जिवंत झाडाच्या खोडात ढोली कोरून रानमाश्या बसवतात आणि झाडावर घराण्याची खूण, तमगा, कोरतात. आमच्या बाटलीतला मध तिथला असेल असं मी मानत नाही, पण चव चोख आहे.

कोरोतचे नऊ गोळे उरलेत, सुती फडक्यात बांधून फडताळात ठेवलेत. पोराला सांगितलंय, पुढच्या खेपेला दुकानातून घेऊ नको, त्या आजीकडून आण आणि ती धूर कोणत्या लाकडाचा देते ते विचारून ये.