‘नसा साफ करणारं किट’ आणि माझे ५७,५०० रुपये

कापसाचे पैसे खात्यात पडायला लागले की आमच्या भागात दोन प्रकारचे लोक फिरताना दिसतात. एक उधारी वसूल करणारे आणि दुसरे हे वजन उतरवून देतो म्हणणारे वेलनेस सेंटरवाले. पहिल्यांना दारातून परत पाठवता येतं. दुसरे घरच्या माणसाच्या ओळखीनं येतात, पाया पडतात, त्यांना कसं परत पाठवणार? मला या लोकांनी ५७,५०० रुपयांना बुडवलं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. म्हणजे साडेसात क्विंटलच्या वर कापूस गेला. लाज वाटते, पण आमच्याच तालुक्यात अजून कितीतरी घरांत त्या किटचे डबे शेल्फवर ठेवलेले मला दिसतात, म्हणून लिहितो आहे.

सेंटर कसं चालतं ते सांगत बसत नाही. सकाळचा पावडरचा प्यायचा शेक, भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो, टाळ्या, एक कोच, त्याच्यावर दुसरा कोच, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आमचा कोच माझ्या बायकोच्या माहेरचा पोरगा. मला भाऊजी म्हणायचा. “माह्या गावचा आहे, तो काहून फसवीन?” असं बायको म्हणाली, आणि तिचंही काय चुकलं? गावचं पोरगं गावच्या लेकीला फसवत नाही, हाच तर आजवरचा रिवाज होता.

माझं वजन ९४ किलो. जिनिंगमध्ये हिशेबाला बसतो, हंगामात दिवसभर खुर्ची सुटत नाही, गुडघे बोलायला लागले होते. होळीच्या सुमारास ७,८०० रुपये भरून सेंटर सुरू केलं. आहाराचा कागद मिळाला. सकाळी काळ्या कॉफीत दोन चमचे तूप आणि एक चमचा खोबरेल तेल. दुपारी पनीर नाहीतर अंडी, तीही तुपात. भाकर बंद, भात बंद, तुरीचं वरणसुद्धा बंद. तुरीच्या मुलखात राहून वरण बंद! रात्री शेक. वजन मात्र उतरलं. पावसाळा संपेपर्यंत ८५ वर आलो. पँट कमरेत आवळून घ्यावी लागली. लोक विचारायला लागले, मीही मिरवलं.

हंगाम सुरू होण्याआधी मालकानं आम्हा सगळ्यांची रक्ततपासणी करवून घेतली. साखर नीट, थायरॉइड नीट. कोलेस्टेरॉल २६८. त्यात चांगलं म्हणतात ते एचडीएल ४०, वाईट म्हणतात ते एलडीएल १८६, ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी २१०, तिच्यावरून काढतात ते व्हीएलडीएल ४२. आधी वाटलं, रिपोर्ट दुसऱ्याचा आला. नऊ किलो उतरलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल वाढतं कसं? आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी कागद पाहिला, गोळी लिहून दिली, तेल-तूप कमी करा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर रांग होती, त्यांना दोष देत नाही. पण “वजन उतरलं तर हे वाढलं काहून?” हा माझा प्रश्न मी तसाच घेऊन बाहेर आलो, आणि तो नेमका कोचकडे गेला.

त्यानं मला दीड तास दिला. वहीवर नस काढून दाखवली. म्हणाला, “भाऊजी, तुमचं वजन उतरून राह्यलं न, मंग ते चरबी जाईन कुठं? रक्तातच येईन न. आता ते धुऊन काढा लागते.” यात अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यानंच घात केला. झपाट्यानं वजन उतरत असताना काही लोकांचं कोलेस्टेरॉल काही काळ वर जातं, हे मला पुढे सेवाग्रामच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनीही सांगितलं. पण ते वजन स्थिरावलं की आपलं आपण खाली येतं. त्याला धुवायला कुठलीही पावडर लागत नाही आणि तशी पावडर अस्तित्वातही नाही.

मग ते मशीन. दोन्ही हातांत पितळी दांड्या धरायच्या, वय, उंची, वजन लॅपटॉपमध्ये टाकायचं, मिनिटभर थांबायचं की यकृतापासून कोलेस्टेरॉलपर्यंत पानंच्या पानं छापून येतात. ५०० रुपये. त्यात आलं, ‘रक्तवाहिन्यांत मेदसंचय: जास्त’. मी थक्क झालो. आता डोकं आपटावंसं वाटतं, कारण माझा लॅबचा रिपोर्ट त्याच्या टेबलावर आधीच पडलेला होता! मशीननं तेच सांगितलं जे मी स्वतः त्याला दहा मिनिटांआधी सांगितलं होतं. रक्ताचा थेंब न घेता कोलेस्टेरॉल मोजता येत नाही. बोटातून थेंब काढून पट्टीवर तपासणारं छोटं यंत्र असतं, ते वेगळं. दांड्या धरायला लावल्या की उठा आणि घरी या.

दसऱ्याला नसा साफ करणारं तीन महिन्यांचं किट घेतलं, २४,६०० रुपये. शिवाय ‘असोसिएट आयडी’ काढला की पुढे सूट मिळते म्हणून ४,५००. गोळी बंद करायला त्यानंच सांगितलं. “ते गोळी लिव्हर खाऊन टाकते, भाऊजी, एकदा सुरू केली का जिंदगीभर सुटत नाही.” तुपाची कॉफी चालूच. गोळी बंद करा असं जो म्हणेल त्याच्याकडून ते एकदा कागदावर लिहून मागा. लिहून देणारा अजून कोणी जन्मला नाही.

डिसेंबरच्या शेवटी ‘आमची लॅबसोबत बोलणी आहे’ म्हणून सेंटरमध्येच रक्त घेतलं, १,२०० रुपये. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ. वर तालुक्यातल्या एका लॅबचं नाव. कोलेस्टेरॉल १७६! एचडीएल ५८, एलडीएल १२८, ट्रायग्लिसराइड १९०, व्हीएलडीएल २२.

हे आकडे परत एकदा वाचा. मी काट्याच्या खोलीत बसून वाचले होते. समोर गाड्यांची रांग, हातात काटापट्ट्या. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, पाच किलोचा फरक असला तरी गाडी फाटकाबाहेर जायच्या आत मला कळतो. आणि इथे? एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल मिळून एकूण कोलेस्टेरॉल होतं. ५८ अधिक १२८ अधिक २२ म्हणजे २०८. वर लिहिलं होतं १७६. बत्तीसचा घोळ! व्हीएलडीएल हा साधारणपणे ट्रायग्लिसराइडला पाचानं भागून काढतात. १९० भागिले ५, ३८ यायला पाहिजे होते, त्यानं ठोकून दिले २२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशेब चालत नाही, आणि लॅबनं एलडीएल थेट मोजला असेल तर बेरजेत थोडं इकडेतिकडे होतं. पण बत्तीस नाही. माझ्या पहिल्या रिपोर्टची बेरीज करून पाहा, ४०, १८६, ४२, बरोबर २६८. खोटं बनवणाऱ्याला हे चार आकडे एकमेकांशी बांधलेले असतात एवढंही माहीत नव्हतं, आणि त्या अडाण्यानं मला फसवलं.

पण मला सांगा, रक्ताच्या रिपोर्टची बेरीज करतं कोण? जाड अक्षरातला आकडा आणि बाजूचा बाण, एवढंच सगळे पाहतात. आणि बातमी चांगली असली की कोणीच उलटतपासणी करत नाही. मी ते पान नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. संक्रांतीला दुसरं किट घेतलं, १८,९०० रुपये. त्याच पानाच्या भरवशावर माझ्या मोठ्या बहिणीनं १२,३०० चं अर्धं किट घेतलं. ते पैसे मी ५७,५०० मध्ये धरलेले नाहीत. तिला मी माझ्याकडून परत दिले, ती घेत नव्हती.

फुटलं ते होळीला. पोरगी सुटीत घरी आली, ती नर्सिंगला आहे. तिनं पीडीएफ पाहिली आणि पहिल्यांदा विचारलं, “बाबा, याच्यावर पॅथॉलॉजिस्टची सही कुठे आहे?” सही नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये गेलो. लॅबवाल्यानं रजिस्टर उघडून दाखवलं, त्या तारखेला माझ्या नावाची नोंदच नाही. त्याचं लेटरहेड कोणीतरी मोबाइलवर उचललं होतं. तिथेच परत रक्त दिलं. कोलेस्टेरॉल २९१, एलडीएल २०४.

सेवाग्रामला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आहाराचा कागद मागितला आणि तूप, खोबरेल तेल, पनीर यांवर पेनानं खुणा केल्या. या सगळ्यातली संपृक्त चरबी एलडीएल वाढवते, वजन कमी होत असलं तरीही. खोबरेल तेल वनस्पतीजन्य आहे म्हणून चालतं असं मी समजत होतो, पण त्यात संपृक्त चरबी तुपाहूनही जास्त असते. म्हणजे पाहा, ज्यांच्या कागदानं कोलेस्टेरॉल चढवलं त्यांनीच ते उतरवायचं किट विकलं. एलडीएल १९० च्या वर असलं की पथ्यासोबत गोळी बहुतेक लागतेच, आणि घराण्यात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला आहे का हेही त्यांनी विचारलं, कारण काही घरांत हे वारशानंच येतं आणि सडपातळ माणसालाही सोडत नाही. गोळीनं अंग किंवा स्नायू दुखायला लागले तर येऊन सांगा, स्वतःहून बंद करू नका, असं बजावलं. खायला काय सांगितलं? भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी, भाजी. जे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या होतं आणि जे बंद करायला मी ७,८०० रुपये मोजले ते. आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडा म्हणाले. खर्ऱ्याबद्दल कोचनं चकार शब्द काढला नव्हता. कसा काढणार, त्याच्याच गालात असायचा.

आता आपल्या सरकारी यंत्रणेबद्दल.

ठाण्यात गेलो. “तुम्ही पैसे तुमच्या मनानं देल्ले न? कोणी चाकू लावला का?” हे पहिलं वाक्य. मनानं दिले म्हणूनच त्याला फसवणूक म्हणतात, चाकू लावला असता तर लूट म्हटलं असतं! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी वाचून गेलो होतो, ते ऐकून समोरचा हसला. अर्जावर पोच द्यायलाही मागेपुढे. मग अन्न आणि औषधवाल्यांचं कार्यालय, जिल्ह्याच्या ठिकाणी. औषधाच्या टेबलावर सांगितलं, डब्यावर ‘आहार पूरक’ लिहिलंय, म्हणजे अन्न, पलीकडे जा. अन्नाच्या टेबलावर सांगितलं, डब्यावर रोग बरा करायचा दावाच नाही, दावा व्हॉट्सॲपवर आहे, तो आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतो? साहेब दौऱ्यावर. आरोग्य खात्यात गेलो तर म्हणे हा माणूस डॉक्टर म्हणवून घेत नाही, मग बोगस डॉक्टर म्हणून कारवाई कशी करणार. लठ्ठपणा आणि हृदयविकार बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा. त्याची प्रत मी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती चहाच्या कपाखाली सरकवली. सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर फोन केला तर तुम्ही ओळखीच्या माणसाला स्वतः यूपीआय केलंय, ठाण्यात जा. ठाण्यात? तिथूनच तर आलो होतो!

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर निदान तक्रार क्रमांक तरी मिळाला. किटच्या कंपनीचं उत्तर आलं की तो आमचा ‘स्वतंत्र विक्रेता’ आहे, त्यानं काय सांगितलं त्याला आम्ही जबाबदार नाही. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांत अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमणं सक्तीचं आहे, त्याचं नाव विचारलं. त्यावर आजवर उत्तर नाही.

डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नाचे परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर टाकला, तो मसाले भरणाऱ्या भलत्याच कोणाचा तरी निघाला. हे घेण्याआधी करा, दोन मिनिटं लागतात. पैसे रोखीत मागितले तर देऊ नका. माझे ४,५०० रोखीत गेले, त्याचा काहीच पुरावा नाही. बाकीचे यूपीआयचे आहेत. लॅबचा रिपोर्ट दुसऱ्याच्या मोबाइलवरून आला तर लॅबमध्ये जाऊन स्वतः विचारा. रक्त सेंटरमध्ये देऊ नका.

कोचचा फोन लागत नाही. बायकोच्या माहेरी आता त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि आमच्याशीही फारसं बोलत नाहीत, जणू आम्हीच काही केलं. ऐकतो की नदीपलीकडच्या एका तालुक्यात त्यानं नवं सेंटर टाकलंय, पाटी बदललीय, दांड्यांचं मशीन तेच आहे.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, हे मला कुठल्याच कार्यालयानं सांगितलं नाही. गोळी आणि घरचं जेवण चालू आहे, परवाच्या तपासणीत एलडीएल ११८ आलं, यावेळी बेरीज करून पाहिली. आयोगात मला दाखवायचं आहे की माझा रिपोर्ट एकटा नव्हता. त्या सेंटरच्या पीडीएफ ज्यांच्या मोबाइलमध्ये असतील त्यांनी त्या लाजेपोटी पुसू नका. एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएलची बेरीज करा, आणि ती वरच्या आकड्याशी जुळत नसेल तर प्रत काढून मला द्या.