बाळंतिणींचा धोका घटला का? समितीने कोणती मोजणी घ्यावी

सामुदायिक आरोग्य केंद्रात नवी सोय आल्यावर बाळंतिणींचा धोका खरंच घटला का, हे तुमच्या आरोग्य रक्षा समितीला ठरवायचं असेल, तर आधी मृत्यूंचा आकडा बाजूला ठेवा. २०१८-२० च्या पाहणीत कर्नाटकात लाख जिवंत जन्मांमागे ६९ मातामृत्यू होते. एका केंद्रात वर्षभर एकही मृत्यू न होणं त्यामुळे नेहमीचंच. ३०० बाळंतपणांत शून्य मृत्यू दिसले, तरी संख्याशास्त्र एवढंच सांगतं की खरा धोका बहुधा शंभरात एकाच्या आत आहे. एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, रक्तदाब वाढून आलेले झटके आणि रेफर केल्यापासून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळ मोजा.

आधी आणि नंतर अशी तुलना सोपी, रजिस्टर उघडलं की झाली. पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडचा धो धो पावसाचा जुलै आणि तिथलाच कोरडा जानेवारी सारखे नाहीत. जुलैशी जुलैच लावायचा.

दुसरी पद्धत शेजारच्या केंद्राशी ताडण्याची. समजा, तुमच्याकडे शंभरात १२ अडचणी होत्या, त्या ८ झाल्या. नवी सोय न मिळालेल्या केंद्रात ११ वरून ९. तुमच्या सोयीचं श्रेय ४ नव्हे, २. जिल्ह्याला निधी वाटायचा असेल तर हीच पद्धत घ्यावी, मात्र सोय येण्याआधी दोन्ही केंद्रांतल्या अडचणींची चढउतार सारखी हवी.

एकाच केंद्रासाठी मी नियंत्रण आलेख निवडेन. १९२४ मध्ये वॉल्टर श्यूहार्ट यांनी तो कारखान्यासाठी काढला. चौकटीच्या कागदावर दर महिन्याच्या अडचणींचा एक ठिपका, मधोमध जुन्या सरासरीची रेषा. सलग आठ ठिपके रेषेखाली आले, तर तो निव्वळ योगायोग मानू नये. परिचारिकेलाही तो काढता येतो, आणि बिघाड वर्षअखेरीआधी दिसतो.

सीमाभागात मात्र तिन्ही पद्धती एकाच जागी फसतात. निपाणीची बाई अडली की कोल्हापूर गाठते, चंदगडची बेळगावला येते, पहिलटकरीण माहेरी जाते. अवघड केस पुढे पाठवली की केंद्राचं रजिस्टर स्वच्छ दिसतं, आणि त्या बाईचं पुढे काय झालं याची नोंद कुठेच राहत नाही. म्हणून मोजणी दवाखान्यानुसार नको, तायी कार्डावरच्या, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या माता कार्डावरच्या, गावानुसार हवी. कार्ड निघालेली प्रत्येक बाई कुठे बाळंत झाली, मग ते महाराष्ट्रात का असेना, हे आशाताईंकडून दर महिन्याला लिहून घ्या.